निमाडच्या कापसातली १२० ग्रॅमची पुडी

इंदूरहून महूमार्गे घाट उतरलं की निमाड लागतो. पावसाळ्यात खरगोन-बडवानीकडे रस्त्याच्या दुतर्फा कापूसच कापूस, आणि तो जवळजवळ सगळा बीटी. जनुक बदललेलं हे एकच पीक आपल्या शेतांत कायदेशीरपणे पोचलं आहे. परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस (म्हणजेच बीटी) या मातीतल्या जिवाणूचं जनुक कापसात घातलं, की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. अळीनं बोंड कुरतडलं की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते सक्रिय होतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं, त्यांना भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. आपलं जठर आम्लधर्मी, शिवाय त्या प्रथिनाला चिकटायला आपल्या आतड्यात जागाच नाही. सरकीच्या तेलाची धास्ती घ्यायला नको.

तरीही गुलाबी बोंडअळी पुढे बीटीला दाद देईनाशी झाली. माझ्या मते घोळ झाला तो पुडीचा. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साधं, नॉन-बीटी बियाणं मिळायचं. ते शेताच्या कडेनं पेरायचं, म्हणजे अळ्यांसाठी मुद्दाम सोडलेला कापूस! पण त्यामागे पक्का हिशेब होता. असंख्य अळ्यांत एखादी बीटी पचवणारी निघते. तिचा पतंग तशाच पतंगाशी जुळला, तर पुढची पिढी बीटीला दाद देत नाही. कडेच्या कापसावर साधे पतंग भरपूर असले, तर तो बहुधा त्यांच्याशी जुळतो, आणि ती पिल्लं बीटी खाऊन मरतात. हा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच अळी तगते.

बहुतेकांनी पुडी पेरलीच नाही. शेतकऱ्याला बोल लावणं सोपं आहे, पण हातातल्या पिकाचा वाटा अळीला का द्यायचा, हे त्याला बांधावर जाऊन समजावलं किती जणांनी? त्यात फरदड. पाणी असलं की हंगाम संपूनही कापूस उभाच, आणि गुलाबी बोंडअळी जगते मुख्यतः कापसावर. २०१० मध्ये गुजरातेत ती पहिल्या बीटी वाणाला पुरून उरल्याचं जाहीर झालं. पुढे दोन जनुकांचं वाणही तिनं पचवलं.

इंदुरात १९२४ साली संशोधन संस्था उभारणारे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड कापसावर काम करता करता मातीकडे आणि कंपोस्टकडे वळले. कंपोस्ट करण्याची त्यांची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. बोंडअळीवरचे आजचे उपायही असेच बियाण्याबाहेरचे आहेत: मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावायचे, डिसेंबरअखेर शेत रिकामं करायचं आणि पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, बांधावर रचून ठेवायच्या नाहीत.