प्रारूप विकास योजनेवर हरकत कशी नोंदवावी: पात्रता, कागदपत्रे, सुनावणी आणि पुढे भूखंडांच्या रेखांकनाचा अर्ज

शहरात पुढच्या वीस वर्षांत घरे कुठे उभी राहणार, कोणत्या शेतजमिनीत भूखंड पडणार आणि कोणत्या जागेवर शाळा, दवाखाना किंवा दुर्बल घटकांच्या घरांचे आरक्षण बसणार, हे ज्या कागदावर ठरते तो कागद म्हणजे विकास योजना. बोलीभाषेत तिला डीपी म्हणतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली महानगरपालिका, नगरपरिषदा आणि शासनाने नेमलेली नियोजन प्राधिकरणे ती तयार करतात, आणि मंजुरीपूर्वी तिचे प्रारूप लोकांसमोर ठेवून हरकती व सूचना मागवणे त्यांना बंधनकारक असते. या काळात वकील लावावा लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. एक नीट लिहिलेला अर्ज आणि चार कागद पुरतात. तरीही आपल्या जमिनीतून रस्ता आखला गेला आहे, हे अनेकांना कळते ते काही वर्षांनी बांधकाम परवानगी मागायला गेल्यावर, जेव्हा हरकतीची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. म्हणून ही प्रक्रिया येथे थोडी विस्ताराने मांडली आहे.

प्रक्रियेची सुरुवात कलम २३ खालील इरादा जाहीर करण्यापासून होते. प्राधिकरण ठराव करून आपण नवी योजना करणार किंवा जुनी सुधारणार असल्याचे राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करते. त्यानंतर कलम २५ नुसार जागेवर पाहणी होऊन विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो. लोक या नकाशाकडे फारसे लक्ष देत नाहीत, पण पुढच्या अनेक चुकांचे मूळ तिथेच सापडते. समजा, एखाद्या गटात पंचवीस वर्षांपासून वस्ती आहे आणि पाहणीत ती जमीन पडीक म्हणून नोंदली गेली, तर नियोजनकाराला ती जागा मोकळी दिसते आणि मोकळ्या जागेवर आरक्षण टाकणे त्याला स्वाभाविक वाटते. कलम २६ नुसार प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर प्रस्तावित नकाशाबरोबर हा विद्यमान वापराचा नकाशाही पाहावा आणि आपल्या जागेची नोंद त्यावर चुकलेली असेल तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच करावा.

मुदत किती, हा सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न आहे. कुठे ३० दिवस मिळतात, कुठे ६० दिवस. काही वेळा लोकांच्या मागणीवरून मुदत वाढवलीही जाते. वाढ मिळेल या भरवशावर मात्र कोणीही थांबू नये. प्रारूप जाहीर करणाऱ्या सूचनेत छापलेली शेवटची तारीख हीच खरी मानावी आणि ती कोणत्या तारखेपासून मोजली आहे, हे राजपत्रातील सूचनेवरून तपासावे.

हरकत कोण घेऊ शकतो, याबद्दल विनाकारण गैरसमज आहेत. कायद्याने हा अधिकार कोणत्याही व्यक्तीला दिला आहे. त्यासाठी सातबाऱ्यावर नाव असण्याची अट नाही. भाडेकरू, गृहनिर्माण संस्था, शेजारच्या गल्लीतील रहिवासी, झोपडीत राहणारे कुटुंब, नागरिकांचा गट, यांपैकी कोणीही हरकत देऊ शकतो. स्वतःच्या जमिनीबाबत तक्रार असेल तर मालकीचे कागद जोडल्याने अर्जाला वजन येते, पण मैदानाचे आरक्षण वगळले, विस्थापितांसाठी घरांची जागा कमी केली, नाल्याच्या काठावर रहिवास विभाग दाखवला, अशा सार्वजनिक मुद्द्यांसाठी मालकीचा प्रश्नच उद्भवत नाही. जमीन सामाईक असेल तर शक्यतो सर्व सहधारकांच्या सह्या घ्याव्यात. नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशात असलेल्यांनी गावाकडील नातेवाइकाच्या नावे अधिकारपत्र द्यावे, म्हणजे सुनावणीच्या दिवशी हजर राहणाऱ्याला कोणी अडवत नाही.

आता नकाशा वाचण्याविषयी, कारण खरे काम तिथेच आहे. प्रारूपाचे नकाशे प्राधिकरणाच्या कार्यालयात पाहायला ठेवलेले असतात, त्यांच्या प्रती शुल्क भरून मिळतात आणि आता बहुतेक ठिकाणी ते संकेतस्थळावरही असतात. मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण शहराचा नकाशा पाहून काहीही कळत नाही. आपला गट किंवा सर्व्हे क्रमांक सांगून त्या भागाचा भाग नकाशा मागावा आणि तो टेबलावर पसरून आपल्या मोजणी नकाशाशेजारी ठेवावा. पिवळा रंग म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास. यावरूनच लोकांच्या बोलण्यात यलो झोन आणि ग्रीन झोन हे शब्द रुळले आहेत. रंगावर समाधान मानू नये. आपल्या हद्दीची रेषा बोटाने धरून चारही बाजूंनी फिरावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात: प्रस्तावित रस्त्याची रेषा हद्दीच्या आत येते का, रस्त्यावर लिहिलेला रुंदीचा आकडा किती आहे, आणि आरक्षणाचा क्रमांक दिसत असेल तर अहवालातील तक्त्यात त्या क्रमांकापुढे काय लिहिले आहे. अर्धा एकर पिवळ्या जमिनीच्या एका कडेने १२ मीटर रस्ता सरकला, तर रंग पिवळाच राहतो, पण घर बांधण्यासाठी उरणारी जागा मात्र एका पट्टीएवढी होऊ शकते. ही गोष्ट नकाशावर जेमतेम दोन मिलिमीटरची असते, म्हणूनच ती नजरेतून निसटते.

अर्ज प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्याच्या किंवा सूचनेत नमूद केलेल्या नगररचना अधिकाऱ्याच्या नावे करावा. त्यात अर्जदाराचे पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, गाव किंवा पेठ, गट अथवा सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, प्रारूपातील नकाशाचा व आरक्षणाचा क्रमांक, हरकतीचे कारण आणि नेमकी मागणी, एवढे असावे. यातील मागणी हा भाग बहुतेक अर्जांत कच्चा राहतो. 'माझ्यावर अन्याय झाला आहे, तरी आरक्षण रद्द करावे' या वाक्यावर समितीला काही करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'गट क्रमांक अमुक यातील पूर्व बाजूने दाखवलेला १२ मीटर रस्ता विद्यमान घरांवरून जातो, त्याच्या पूर्वेस ३० मीटर अंतरावर शासकीय पडीक जमीन असून रस्ता तिकडे सरकवल्यास जोड तुटत नाही, सोबत नकाशा व छायाचित्रे जोडली आहेत, तरी रस्त्याची आखणी त्याप्रमाणे बदलावी.' पर्याय दाखवणारी हरकत विचारात घेणे समितीला सोपे जाते. नकार देऊन थांबणारी हरकत सहसा मागे पडते.

सोबत डिजिटल स्वाक्षरीचा अलीकडचा सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, संबंधित फेरफार, भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाची प्रत, भाग नकाशाची प्रत ज्यावर हरकतीची जागा लाल पेनाने दाखवली आहे, पूर्वीची अकृषिक किंवा बांधकाम परवानगी असल्यास तिची प्रत, मालमत्ता कराची पावती आणि जागेची छायाचित्रे जोडावीत. जुनी परवानगी विशेष महत्त्वाची आहे, कारण मंजूर रेखांकनावर (जमीन भूखंड आणि रस्त्यांत कशी विभागायची ते दाखवणाऱ्या आराखड्यावर) नजरचुकीने आरक्षण पडल्याची उदाहरणे घडतात आणि तिथे कागद स्वतःच बोलतो. अर्जाची दुय्यम प्रत घेऊन आवक-जावक विभागातून तारखेसह शिक्का आणि हरकत क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. ऑनलाइन दिली असेल तर पोचपावती छापून ठेवावी. पत्ता अपुरा लिहिल्याने सुनावणीची नोटीस परत गेली, आणि एका कुटुंबाची अगदी रास्त हरकत गैरहजेरीत निकाली निघाली, असे मी जवळून पाहिलेले आहे; तेव्हापासून मी प्रत्येकाला पिनकोड आणि दुसरा मोबाइल क्रमांकही लिहायला सांगतो.

मुदत संपल्यावर कलम २८ नुसार नियोजन समिती हरकती ऐकते. महानगरपालिकेत या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. हरकतींची संख्या किती मोठी असू शकते, याची कल्पना पुण्यावरून येईल: जुन्या हद्दीची २००७ ते २०२७ या काळासाठीची प्रारूप योजना मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या, आणि शासनाची मंजुरी मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. एवढ्या गर्दीत एका अर्जदाराच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. म्हणून सुनावणीला जाताना लांब भाषण न नेता एका पानावर नकाशा, एका पानावर मागणी, आणि अर्जाची शिक्का असलेली प्रत एवढेच न्यावे, आणि पहिल्याच वाक्यात गट क्रमांक व मागणी सांगावी. सूचना प्रभावी ठरतात का, अशी शंका अनेकजण घेतात. मुंबईत २०१५ चा प्रारूप आराखडा लोकांच्या तीव्र हरकतींनंतर शासनाने नव्याने करायला लावला, सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये पुन्हा हरकतींसाठी आले आणि मंजूर योजना मे २०१८ मध्ये जाहीर झाली. त्याच योजनेत ना-विकास क्षेत्राच्या काही जमिनी खुल्या करून १० लाख परवडणाऱ्या घरांचे उद्दिष्ट मांडले गेले. अशा उद्दिष्टांवर बोलण्याची जागाही हरकतीच्या अर्जातच आहे. घरे किती, हे अहवालात असते. ती कुठे, कोणत्या रस्त्यालगत आणि कोणत्या पाण्यावर, हे नकाशात असते, आणि दोहोंचा मेळ बसत नसेल तर ते लिहून दाखवणे नागरिकाचे काम आहे.

समितीच्या अहवालानंतर प्राधिकरण बदल करून योजना कलम ३० खाली शासनाकडे पाठवते आणि कलम ३१ खाली शासन मंजुरी देते. शासनाने सारभूत स्वरूपाचे बदल सुचवले, तर तो भाग वगळून पुन्हा हरकती मागवल्या जातात. कार्यालयात या वगळलेल्या भागाला 'ईपी' (एक्सक्लुडेड पार्ट) म्हणतात. आपली जमीन मंजूर भागात आहे की ईपीमध्ये, हे मंजुरीच्या अधिसूचनेसोबतच्या परिशिष्टात पाहावे, कारण ईपीमधील जमिनीसाठी हरकतीची दुसरी संधी उघडी असते. योजना मंजूर झाल्यावर किरकोळ बदलासाठी कलम ३७ चा मार्ग उरतो, पण तो वेळखाऊ आहे आणि त्यात प्राधिकरणाचा ठराव, सूचना व शासनाची मान्यता असे सगळे टप्पे पुन्हा येतात.

जमीन रहिवास विभागात आली म्हणजे भूखंड पडले, असे होत नाही. त्यासाठी कलम ४४ खाली रेखांकनाच्या मंजुरीचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. मुंबई आणि मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि अर्ज तिच्या नमुन्यात, वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत, ऑनलाइन प्रणालीत दाखल होतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, झोन दाखला, सर्व धारकांची संमती, पोहोच रस्त्याचा पुरावा आणि रेखांकनाचा नकाशा ही मुख्य कागदपत्रे आहेत. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के खुली जागा सोडावी लागते. १० लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांत तेवढ्याच आकाराच्या जमिनीच्या रेखांकनात किमान २० टक्के क्षेत्र दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी लहान भूखंडांच्या रूपाने द्यावे लागते. माझ्या मते संपूर्ण नियमावलीतील ही सर्वांत मोलाची तरतूद आहे आणि नागरिकांनी तिच्या अंमलबजावणीची माहिती आवर्जून मागावी.

प्रथम तात्पुरती मंजुरी मिळते. त्यानंतर रस्ते व खुली जागा प्रत्यक्ष आखून मोजणी होते आणि मगच अंतिम रेखांकन मंजूर होते. भूखंड घेणाऱ्याने अंतिम मंजुरीचा नकाशाच मागावा. तात्पुरत्या नकाशावरील भूखंड क्रमांक पुढे बदलू शकतो आणि गुंठ्याच्या खरेदीखताने रेखांकनातील भूखंड होत नाही. प्रकल्पाचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा आणि भूखंड आठपेक्षा अधिक असतील तर महारेरा नोंदणी क्रमांकही तपासावा. महसूल विभागाचे अकृषिक वापराचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम तहसील कार्यालयातून लेखी विचारून घ्यावा.

अर्जावर ६० दिवसांत निर्णय न झाल्यास कायद्यात मानीव परवानगीची, म्हणजे परवानगी मिळालीच असे मानण्याची, तरतूद आहे, परंतु प्रस्ताव नियमावलीत तंतोतंत बसत असेल तरच तिचा उपयोग होतो. नकार मिळाला किंवा जाचक अट घातली गेली, तर निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. ज्यांच्या जमिनीवर आरक्षण कायम राहिले आहे, त्यांनी योजना अंमलात आल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी: त्या तारखेपासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली खरेदीची नोटीस मालकी हक्काच्या कागदांसह बजावता येते, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते.