वीज गुणवत्ता सुधारणा : खर्च आणि लाभ

विजेचा दाब, वारंवारता आणि तरंगाकार ठरलेल्या मर्यादेत राखण्यासाठी करावा लागणारा खर्च आणि त्यामुळे टळणारे नुकसान यांचा ताळा घालून गुंतवणुकीचा निर्णय घेण्याची पद्धत. कारखाने, रुग्णालये, डेटा सेंटर आणि वीज वितरण कंपन्या ती वापरतात.

वीज गेली की सर्वांना कळते, त्यामुळे गुणवत्ता म्हणजे वीज न जाणे असा समज रूढ आहे. उद्योगांना मात्र दाब क्षणभर खचण्याचा, म्हणजे व्होल्टेज सॅगचा, त्रास बहुधा जास्त वेळा होतो. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ११५९ या मानकानुसार दाब नेहमीच्या १० ते ९० टक्क्यांपर्यंत उतरून अर्ध्या आवर्तनापासून एक मिनिटापर्यंत तसाच राहिला तर त्याला सॅग म्हणतात. शेजारच्या फीडरवर (वितरण वाहिनीवर) वीज कोसळली किंवा तारेला फांदी लागली, की तो दोष असलेला भाग जाळ्यापासून तोडला जाईपर्यंत आसपासच्या ग्राहकांचाही दाब खाली येतो. दिवे जेमतेम मिचकतात, पण तेवढ्यात एखादा कॉन्टॅक्टर (विद्युतचुंबकी स्विच) सुटतो, ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) ट्रिप होते आणि अख्खी लाइन उभी राहते. कागद गिरणीत तुटलेला कागद काढून यंत्र पुन्हा लयीत आणायला किंवा एक्स्ट्रूडरमध्ये थिजलेले प्लास्टिक साफ करायला जो वेळ जातो, त्यापुढे मूळ घटनेचा दशांश सेकंद काहीच नाही.

या नुकसानीचे बिल कोणी पाठवत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. वाया गेलेला माल, दुरुस्ती, ओव्हरटाइम, उशिराचा दंड हे आकडे वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले असतात. उलट बाजूने, न वापरलेला कच्चा माल आणि नंतर भरून काढलेले उत्पादन वजा करायचे राहून जाते. ज्या कारखान्याची क्षमता शिल्लक आहे त्याचे नुकसान अनेकदा ओव्हरटाइमपुरतेच असते. जो चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालतो त्याचे बुडालेले उत्पादन मात्र कायमचे बुडते. देशव्यापी अंदाज इथे फारसे कामाचे नाहीत. २००१ साली ईपीआरआय या अमेरिकेतील वीज संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात, वीज जाणे वगळून उरलेल्या गुणवत्ता-दोषांमुळे अमेरिकेचे वर्षाला १५ ते २४ अब्ज डॉलर नुकसान होत असल्याचे म्हटले होते. त्यावरून एका कारखान्याचा निर्णय घेता येत नाही.

व्यवहारात प्रत्येक प्रकारच्या घटनेला तिच्या नुकसानीनुसार भारांक दिला जातो. समजा, वीज पूर्ण जाण्याचे नुकसान १ धरले. दाब ५० टक्क्यांखाली गेल्यास ०.८, ५० ते ७० टक्क्यांत ०.४ आणि ७० ते ९० टक्क्यांत ०.१. वर्षात अशा घटना अनुक्रमे १, २, ५ आणि २० झाल्या, तर एकूण नुकसान १ + १.६ + २ + २ = ६.६ एवढे होते. आता दाब ५० टक्क्यांपर्यंत उतरणारी सॅगच केवळ झेलणारी यंत्रणा, भांडवलाचा हप्ता आणि देखभाल धरून, वर्षाला ०.५ खर्चात मिळत असेल, तर ती ४ वाचवते आणि निव्वळ लाभ ३.५ राहतो. सगळ्या लोडला यूपीएस लावून ६.४ वाचले, पण त्याला वर्षाला ३.५ लागले, तर निव्वळ लाभ २.९. नुकसान जवळजवळ शून्यावर येऊनही सौदा कमी किफायतीचा! वाढीव ३ खर्चून वाढीव २.४ हाती लागले. मात्र जिथे माणसाचा जीव यंत्रावर अवलंबून आहे तिथे ही बेरीज-वजाबाकी निर्णायक ठरू नये.

उपाय दुबळ्या भागाच्या जितका जवळ, तितका सहसा स्वस्त. नियंत्रण परिपथाला, म्हणजे पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक), रिले आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलना, छोटा स्थिर-दाब ट्रान्सफॉर्मर बसवला तर लाइनच्या एकूण लोडच्या अगदी लहान भागालाच संरक्षण द्यावे लागते. संपूर्ण कारखान्यासाठी डायनॅमिक व्होल्टेज रिस्टोअरर (खचलेला दाब तत्काळ भरून काढणारे उपकरण) ही त्याहून फार महागडी पायरी. सर्वांत स्वस्त टप्पा खरेदीचा: सेमी या उद्योग-संघटनेचे एफ४७ हे मानक सेमीकंडक्टर उद्योगातील यंत्राने ५० टक्के दाबावर ०.२ सेकंद तग धरावा असे सांगते, आणि अशी अट ऑर्डरमध्येच घालता येते. वितरण कंपनीच्या बाजूने झाडांची छाटणी आणि आवरण असलेल्या तारा यांनी दोषच घटतात, पण त्या लाभाचे वाटेकरी अनेक ग्राहक असल्याने खर्च कोणी उचलायचा यावर घोडे अडते. हार्मोनिक्सच्या, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतील लहरींच्या, बाबतीत दिशा उलटी होते. ते ग्राहकाच्याच रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे उपकरण) आणि ड्राइव्हमधून निघून इतरांना त्रास देतात, म्हणून आयईईई ५१९ ग्राहक आणि जाळे जोडले जाते त्या बिंदूवर मर्यादा घालते.

हार्मोनिक फिल्टर विकताना वीज बिलात मोठी बचत दाखवली जाते. तिच्याकडे संशयाने पाहावे. प्रवाहातील विकृती ३० टक्के असेल तर तारांमधील उष्णता-हानी ९ टक्क्यांनी वाढते. तारांमधील मूळ हानी एकूण विजेच्या २ टक्के धरली, तर फिल्टरने वाचणारी वीज ०.१८ टक्के. ट्रान्सफॉर्मरमधील भोवरा-प्रवाहांची हानी धरूनही आकडा सहसा लहानच राहतो. फिल्टरचा खरा फायदा वेगळा: न्यूट्रल तार तापत नाही, ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोकळी होते, इन्सुलेशन टिकते. इन्सुलेशनचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस वाढीला साधारण निम्मे होते, असा जुना ठोकताळा आहे.

पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेचा किती भाग उपयोगी काम करतो ते प्रमाण) सुधारण्यासाठी बसवलेले कपॅसिटर हिशेब कसा उलटवतात तेही पाहण्यासारखे आहे. कमी पॉवर फॅक्टरबद्दलचा टळलेला दंड बिलावर दिसतो, म्हणून हा खर्च मंजूर करून घेणे सोपे असते. पण १० एमव्हीए शॉर्ट-सर्किट क्षमतेच्या बसवर (अनेक परिपथ जोडलेल्या सामाईक वाहकावर) ४०० केव्हीएआर कपॅसिटर लावले, तर अनुनाद (जिथे लहर फुगत जाते ती अवस्था) १०,००० ला ४०० ने भागून येणाऱ्या २५ च्या वर्गमुळावर, म्हणजे नेमका पाचव्या हार्मोनिकवर येतो, आणि ड्राइव्हमध्ये मुबलक असतो तोच. मग कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात. सोबत अनुनाद टाळणारा योग्य रिअॅक्टर घेतला असता तर किंमत थोडीच वाढली असती.

बसवल्यावर खरोखर फायदा झाला का, हे ठरवणेही सोपे नाही. वर्षाला सरासरी १६ सॅग येत असतील, तर निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी १२ आणि दुसऱ्या वर्षी २० येऊ शकतात. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या वर्षातील लाइन थांबण्याच्या आकड्यांची नुसती तुलना फसवी ठरते. त्याऐवजी यंत्रणेच्या नोंदवहीत पाहतात, की किती वेळा येणारा दाब खचला आणि तरीही लाइन चालू राहिली.