एका रिकाम्या फाइलीची पार्श्वभूमी

2017 च्या जूनमध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीची नववी आवृत्ती, डेबियन 9, आली. त्यानंतर असंख्य सर्व्हरांवर एकच अनुभव आला. अपग्रेड बिनबोभाट पार पडायची, सेवा चालू व्हायच्या. मग कुणीतरी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, व्हिम या टेक्स्ट एडिटरने फाइल उघडायचा, टाइप करायच्या इन्सर्ट मोडमध्ये जायचा आणि सवयीप्रमाणे पेस्ट करायला माउसचं उजवं बटण दाबायचा. पेस्ट काही व्हायचं नाही. पडद्याच्या तळाशी ‘व्हिज्युअल’ (व्हिमचा मजकूर निवडायचा मोड) ही अक्षरं उमटायची. टर्मिनलमधून मजकूर निवडून कॉपी करायला गेलं, तरी निवड टर्मिनलऐवजी व्हिमच ताब्यात घ्यायचा.

पहिला संशय टर्मिनलवर जायचा, दुसरा एसएसएचवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या दुव्यावर. मी स्वतः अशाच एका सर्व्हरवर बराच वेळ टर्मिनलची सेटिंगं चाळली होती. आपल्या सेटिंगला कुणी हात लावलेला नसतो, म्हणून एडिटरकडे लक्षच जात नाही. गोम तिथेच होती. ज्यांनी व्हिमच्या सेटिंगला आयुष्यात कधी हात लावला नव्हता, त्यांनाच हा बदल जाणवला. ज्यांच्याकडे स्वतःची डॉट-व्हिमआरसी ही व्हिमच्या सेटिंगांची फाइल होती, त्यांना काहीच फरक पडला नाही.

कारण 2016 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या व्हिम 8.0 मध्ये आहे. डेबियन 9 मध्ये हाच व्हिम होता. त्यात ‘डिफॉल्ट्स-डॉट-व्हिम’ नावाची नवी फाइल आली. वापरणाऱ्याची स्वतःची व्हिमआरसी सापडली नाही, तर व्हिम ही फाइल वाचतो. तिच्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी आहेत: शोधताना टाइप करता करताच जुळणी दिसते, कर्सरच्या वरखाली पाच ओळी मोकळ्या राहतात, कोडचे भाग वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा रंगीत सिंटॅक्स चालू होतो, फाइल पुन्हा उघडली की कर्सर जुन्या जागी जातो. आणि त्यांच्याच रांगेत माउस चालू करणारी, म्हणजे माउसचा ताबा टर्मिनलऐवजी व्हिमकडे देणारी, एक ओळ.

हे का केलं, ते समजून घ्यायला ‘कंपॅटिबल’ या शब्दाकडे वळावं लागतं. व्हिमच्या इतिहासात सगळ्यात जास्त गोंधळ याच शब्दाने घातला आहे. 1991 मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिम पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, तेव्हा तो 1970 च्या दशकातल्या व्हीआय या एडिटरची नक्कल होता. नावाचा पहिला अर्थही तोच होता. ‘सुधारित’ हा अर्थ पुढे आला. जुन्या व्हीआयची सवय असलेल्यांना धक्का बसू नये म्हणून ‘कंपॅटिबल’ हा पर्याय ठेवला गेला. तो चालू असला की व्हिम आपल्या सुधारणा बाजूला ठेवून म्हाताऱ्या व्हीआयसारखा वागतो. यू दाबलं की शेवटचा बदल रद्द होतो, पुन्हा दाबलं की तोच बदल परत येतो. त्यामागचे बदल यू दाबून मिळत नाहीत.

आता हा पर्याय बंद व्हायचा कधी? तर व्हिमआरसी फाइल सापडली की. फाइलीत काय लिहिलंय याला महत्त्व नव्हतं, ती असण्याला होतं. शून्य बाइटची फाइलसुद्धा एडिटरचं वागणं बदलून टाकायची. सेटिंगची फाइल हाच एक स्विच, हा निर्णय माझ्या मते मुळातच चुकीचा होता. पुढचा बराचसा गुंता त्यातूनच निघाला.

कंपॅटिबल मोडचं एक लक्षण आजही दिसतं. डेबियन-उबुंटूसारख्या लिनक्सच्या किमान इन्स्टॉलेशनमध्ये पूर्ण व्हिमऐवजी ‘व्हिम-टायनी’ ही त्याची छोटी आवृत्ती येते. तिथे इन्सर्ट मोडमध्ये वरचा बाण दाबला की कर्सर हलत नाही. वर एक नवी ओळ उघडते आणि तिच्यात ‘ए’ हे अक्षर पडतं. लोकांना वाटतं कीबोर्ड बिघडला. प्रत्यक्षात बाणाची कळ टर्मिनलकडून तीन चिन्हं म्हणून येते: एस्केप, मोठा ओ, मोठा ए. कंपॅटिबल मोड त्यांना एकत्र ओळखत नाही. एस्केपने इन्सर्ट मोड संपतो, ओ वर नवी ओळ उघडतो आणि ए तिथे टाइप होतो. खालच्या बाणाला ‘बी’, बाकी दोन बाणांना ‘सी’ आणि ‘डी’. इलाज म्हणजे पूर्ण व्हिम बसवणं किंवा ‘सेट नोकंपॅटिबल’.

तेव्हा नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी चाळीस वर्षांपूर्वीचा एडिटर मिळू नये, हा 2016 च्या बदलामागचा हेतू रास्त होता. वाद झाला तो क्रमावरून. व्हिम आधी ईटीसी या यंत्राच्या सेटिंगांच्या फोल्डरमधली, संपूर्ण यंत्रासाठीची व्हिमआरसी वाचतो, मग वापरणाऱ्याची शोधतो, आणि ती नसेल तर शेवटी डिफॉल्ट्स वाचतो. शेवटी वाचलेलं टिकतं. म्हणजे यंत्र सांभाळणाऱ्याने ईटीसीमध्ये मुद्दाम माउस बंद केला असला, तरी डिफॉल्ट्सची फाइल नंतर येऊन तो पुन्हा चालू करते. मूळ ठरावीक मूल्यांनी माणसाने विचार करून लिहिलेल्या ओळीवर मात करावी, हे उलटं आहे. डेबियनच्या ईटीसीमधल्या व्हिमआरसीत यासाठी एक टीप आहे: डिफॉल्ट्स नंतर वाचली जातात, त्यामुळे या फाइलीतली सेटिंगं पुसली जातील, ते नको असेल तर ‘स्किप-डिफॉल्ट्स-व्हिम’ला एक हे मूल्य देणारी खालची ओळ चालू करा. तोडगा दिला, पण क्रम तसाच राहिला.

बदलाच्या बाजूने एक मुद्दा मांडला जायचा: शिफ्ट दाबून धरलं की बहुतेक टर्मिनलांत जुनी निवड आणि जुना पेस्ट दोन्ही चालतात. खरं आहे. पण अपग्रेडच्या रात्री हे कुणाला माहीत असतं?

लोकांमध्ये पसरला तो सोपा उपाय: होम फोल्डरमध्ये ‘टच’ या आज्ञेने रिकामी डॉट-व्हिमआरसी करा. माउस लगेच ताळ्यावर यायचा, पण त्याच क्षणी डिफॉल्ट्समधल्या चांगल्या गोष्टीही जायच्या. पुढे कुणी फक्त ओळ-क्रमांक दाखवायची एक ओळ लिहून फाइल केली, तरी रंग गायब व्हायचे, आणि ‘एक ओळ लिहिली तर बाकीचं का बिघडलं’ असा नवा प्रश्न उभा राहायचा. नीट उपाय म्हणजे आपल्या व्हिमआरसीत आधी डिफॉल्ट्स ‘सोर्स’ करायच्या, म्हणजे वाचून घ्यायच्या, आणि त्याखाली माउसचं मूल्य रिकामं करायचं. कोणत्या फाइलीने शेवटचा शब्द टाकला हे पाहायला ‘व्हर्बोज सेट माउस’ प्रश्नचिन्हासह द्यावं. व्हिम फाइलीचं नाव छापून देतो. ही एक आज्ञा माहीत असती तर कितीतरी तास वाचले असते.

माउसचा वाद पुढे व्हिमपासून निघालेल्या निओव्हिममध्येही आला. 2022 मधल्या 0.8 आवृत्तीने माउस आपणहून चालू केला आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले. नॅनो या दुसऱ्या एडिटरचं उदाहरण उलट दिशेचं: 2019 च्या 4.0 पासून तो लांब ओळी आपणहून तोडत नाही. कॉन्फिग फाइलींची मोडतोड करणाऱ्या त्या जुन्या सवयीपासून सुटका झाली, आणि इथे मला तक्रारीला जागा दिसत नाही.

ईटीसीमधली फाइल कुणी बदलली असेल आणि पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर डेबियनचं अपग्रेड थांबून विचारतं: नवी घ्यायची की तुमची ठेवायची? नुसतं एंटर दाबलं की तुमची राहते, आणि नवी शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपटी लावून पडून असते. रेड हॅट, फेडोरा यांच्या आरपीएम पॅकेजांच्या जगात असं विचारलं जात नाही, आणि नव्या फाइलीची शेपटी ‘आरपीएमन्यू’ असते. एडिटर नवा आणि त्याची फाइल दोन आवृत्त्या मागची, असं होतं ते यामुळे. अपग्रेडनंतर या शेपट्या शोधून दोन्ही फाइली ताडून पाहाव्यात.

होम फोल्डरमधल्या फाइलींना अपग्रेड हात लावत नाही, पण त्या शोधायच्या जागा वाढत गेल्या. सगळी सेटिंगं डॉट-कॉन्फिगखाली ठेवायचा संकेत 2003 चा. ईमॅक्स या एडिटरने तो 2020 मध्ये 27 व्या आवृत्तीत स्वीकारला, पण जुनी डॉट-ईमॅक्स किंवा डॉट-ईमॅक्स-डॉट-डी असेल तर नवी जागा तो पाहतच नाही. व्हिमने 9.1 मालिकेत, 2024 मध्ये, हाच संकेत घेतला. क्रम असा: आधी होममधली डॉट-व्हिमआरसी, मग डॉट-व्हिम फोल्डरमधली, शेवटी डॉट-कॉन्फिगमधली. पहिली सापडली की शोध संपतो.

त्यामुळे आता वेगळीच तक्रार दिसते. डॉट-कॉन्फिगमध्ये व्यवस्थित व्हिमआरसी लिहिलेली असते, व्हिमही नवा असतो, आणि एकही ओळ लागू होत नाही. ‘व्हिम --व्हर्जन’ने शोधायच्या जागांची यादी काढून एकेक तपासत गेलं, की होम फोल्डरमध्ये शून्य बाइटची डॉट-व्हिमआरसी निघते. तारीख पाहिली तर 2017.