‘तुमचं जीपीएस चुकीचं दाखवतंय’ असं म्हणण्याआधी

आमच्याकडून हातातलं जीपीएस विकत किंवा भाड्याने नेणाऱ्या, आणि ‘बिघडलंय’ म्हणून परत आणणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

सुट्टीनंतर दुकान उघडलं की एखादं तरी यंत्र काउंटरवर येतंच. आणणाऱ्याच्या बुटांना चिखल असतो आणि वाक्य ठरलेलं असतं: ‘अख्खा दिवस फुकट गेला, तुमचं जीपीएस चुकीचं दाखवतंय.’ आम्ही यंत्र बाहेर मोकळ्यावर नेतो, दहा-पंधरा मिनिटं आकाशाखाली ठेवतो आणि ज्या जागेचे अक्षांश-रेखांश आम्हाला तोंडपाठ आहेत तिथे उभे राहून बघतो. बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. मग तुम्ही यंत्रात साठवलेला बिंदू, म्हणजे जिथे जायचं त्या जागेचे आकडे, आम्ही उघडतो आणि चूक तिथे सापडते. दर वेळी तेच सांगायचं म्हणून हे पत्रक छापलं.

जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा (‘कॅश’) त्याच्या अक्षांश-रेखांशांवरून शोधण्याचा छंद, तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. कॅश म्हणजे रोकड नव्हे हे घरच्यांना समजावण्यात आमचाही बराच वेळ गेला आहे, त्यामुळे इथे सरळ ‘डबा’ म्हणू.

आधी टिंब कुठे आहे ते बघा

उदाहरणासाठी या छंदातला पहिलाच डबा घेऊ. नागरी जीपीएसच्या संकेतांत अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, ती मे २०००च्या अगदी सुरुवातीला थांबली. तोवर जागा शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे दाखवणारी यंत्रं एका रात्रीत नेमकी दाखवू लागली. लगेच ३ मेला डेव्ह उल्मर यांनी ओरेगन या अमेरिकी राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले:

उत्तर ४५° १७.४६०′, पश्चिम १२२° २४.८००′

हे वाचायचं असं: ४५ अंश, १७ पॉइंट ४६० मिनिटं. जगभरचे डबे अजूनही याच पद्धतीने नोंदवले जातात. अंश पूर्ण, मिनिटं दशांशात, आणि सेकंद नाहीतच. शाळेत आपण अंश, मिनिटं, सेकंद शिकलो, पंचांगवाले त्यांनाच अंश, कला, विकला म्हणतात. मोबाईलवरचा नकाशा मात्र सगळं दशांश अंशांत देतो. वरचा अक्षांश तिन्ही तऱ्हांनी लिहिला तर असा दिसतो:

४५° १७.४६०′
४५° १७′ २७.६″
४५.२९१००°

जागा एकच, पण आकडे एकमेकांच्या तोंडात बसत नाहीत. तुमच्या यंत्राला हे तिन्ही नमुने येतात, आणि तुम्ही दिलेले आकडे त्या क्षणी जो नमुना निवडलेला असेल त्याप्रमाणे ते वाचतं. तुमच्या मनात काय होतं हे त्याला कळत नाही.

यंत्र दशांश अंशांवर असताना कुणी डोळे मिटून ४५.१७४६० आणि १२२.२४८०० असं टाकलं, तर बाण पहिल्या डब्यापासून सुमारे १८ किलोमीटर आग्नेयेला नेऊन सोडतो. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण एवढं अंतर पाहून माणूस निघण्याआधीच डोकं खाजवतो.

घात करते ती दुसरी. यंत्र अंश-मिनिटं-सेकंदांवर आहे. समोर १७ आणि पुढे ४६० दिसतं, हात आपोआप १७′ ४६.०″ असं टाकतो. यंत्र तक्रार करत नाही, कारण हा अक्षांश कुठला तरी खराच आहे. फक्त तो आपला नाही, साडेपाचशे मीटरहून जास्त उत्तरेला आहे. परिसर ओळखीचा, पायवाट तीच, अंतरही पटण्याजोगं. मग माणसं दुसऱ्याच झाडाच्या ढोल्या तपासत बसतात. मागे दोन भाऊ भाड्याचं यंत्र घेऊन गेले आणि दोन दिवस एकाच ओढ्याचा काठ उलथापालथा करून आले. डबा ओढ्यापलीकडच्या टेकाडावर होता. त्यांनी टाकलेला बिंदू आणि मूळ कागद शेजारी ठेवले तेव्हा धाकटा हसला. थोरल्याला हसायला दुसरा दिवस लागला.

रेखांशाच्या वेळी उलटा प्रकार होतो. २४.८०० चं २४′ ८०.० करायला गेलं की यंत्र नकार देतं, कारण सेकंद साठाच्या पुढे जात नाहीत. तो नकार म्हणजे इशारा आहे. आमच्याकडे मात्र ‘यंत्र आकडेच घेत नाही’ अशी तक्रार येते, किंवा कुणी ८०चं ०८ करून ‘घेतलं एकदाचं’ म्हणून निघतं.

शून्याचंही बघा. १७.०४६ आणि १७.४६ यांत सव्वासातशे मीटरहून जास्त फरक पडतो. टिंबानंतर नेहमी तीन आकडे मोजून टाका. तिसऱ्या आकड्यातला एक म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेला साधारण १.८५ मीटर, म्हणजे मोठी दोन पावलं.

आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट: बिंदू चुकीचा साठवल्यावर नमुना बदलून काही होत नाही. चूक लक्षात आल्यावर लोक सेटिंगमध्ये जाऊन नमुना बदलतात आणि ‘आता बरोबर केलं’ म्हणून पुन्हा त्याच जागी जातात. यंत्राने फक्त त्या चुकीच्या जागेचे आकडे वेगळ्या तऱ्हेने दाखवले. नाव चुकीचं लिहून मग ते दुसऱ्या लिपीत उतरवलं तर नाव बरोबर होत नाही. आधी नमुना बदला, मग कागदावरून आकडे नव्याने टाका.

नमुना सेटअपमध्ये ‘पोझिशन फॉरमॅट’ नावाखाली मिळतो. यादीत मिनिटांनंतर टिंब आणि त्यापुढे तीन एम असलेली ओळ आपली. त्याच पानावर ‘मॅप डेटम’ असतं, म्हणजे आकडे पृथ्वीच्या कुठल्या मोजमापावर बसवायचे ते. ते डब्ल्यूजीएस ८४ वर ठेवा आणि विसरून जा. जुन्या छापील नकाशाशी जुळवायला कुणीतरी ते बदलतं, पूर्ववत करायला विसरतं, आणि पुढच्या माणसाचे सगळे बिंदू शंभर-दोनशे मीटर सरकतात. पृथ्वीचा आकार मोजण्याचे जुने पाये वेगवेगळे होते, त्याचा हा वारसा.

शक्य असेल तर आकडे हाताने टाकूच नका. डब्याच्या इंटरनेटवरच्या नोंदीसोबत मिळणारी, आकडे आधीच भरलेली जीपीएक्स फाइल यंत्रात चढवली की टिंबाचा प्रश्नच उरत नाही. फाइल कशी चढवायची ते पहिल्या खेपेला आम्ही बसून दाखवतो. हाताने टाकावंच लागलं, तर निघण्याआधी बिंदू नकाशावर उघडून त्याची जागा डब्याच्या नोंदीतल्या नकाशाशी ताडून बघा. याला मिनिटभर लागतं.

आम्ही काउंटरवर ‘परीक्षा’ का घेतो

यंत्र हातात देण्याआधी आम्ही तुम्हाला एक बिंदू आमच्यासमोर टाकायला लावतो. काहींना ते अपमानास्पद वाटतं, एका गृहस्थांनी तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं. आमचं म्हणणं एवढंच की दुकानात गेलेली पाच मिनिटं माळावर गेलेल्या पाच तासांपेक्षा स्वस्त. प्रत्येक यंत्र आम्ही नमुना लावून, डेटम तपासून देतो आणि मागे तशी चिठ्ठी चिकटवतो. ती कृपया खरवडू नका. तुमच्या कामासाठी दुसरा नमुना हवा असेल तर आधी सांगा, तसा लावून आणि तशीच चिठ्ठी चिकटवून देऊ.

यंत्र निर्दोष निघालं तरी तपासणीचं शुल्क का, असंही विचारतात. कारण आमचा एक माणूस अर्धा तास उन्हात उभा असतो. ज्यांनी यंत्र आमच्याकडून विकत घेतलंय आणि समोर बिंदू टाकून पाहिलाय, त्यांची पहिली तपासणी आम्ही तशीही मोफत करतो.

शेवटचे दहा मीटर

दुसरी नेहमीची तक्रार: ‘जवळ गेलं की बाण गरगर फिरतो.’ फिरणारच. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. जागा काढायला त्यांतले किमान चार दिसावे लागतात. मोकळ्या आकाशाखाली चांगलं यंत्रसुद्धा तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे असतं, दाट झाडीत किंवा कड्याखाली त्याहून जास्त, कारण संकेत खडकावर आपटून लांबच्या वाटेने पोचतो. ज्याने डबा ठेवला त्याच्या यंत्रातही तेवढीच चूक होती, आणि त्याची चूक तुमच्या चुकीत मिळते. त्यामुळे अंतर दहा मीटरच्या आत आलं की बाणामागे घाण्याच्या बैलासारखं फिरण्यात अर्थ नाही. यंत्र खिशात घाला आणि डोळ्यांनी शोधा. जरा जास्तच नीट रचलेले दगड दिसतात का? फांदीला झाडाचा नसलेला रंग?

तरीही जागा सापडत नसेल तर वीस-तीस मीटर मागे जा आणि वेगळ्या बाजूने सरळ चालत या. बाण कुठे रोखलाय ते लक्षात ठेवा. दोन-तीन बाजूंनी असं केलं की रेघा जिथे छेदतात तिथे शोधा.

ज्या यंत्रांत चुंबकीय होकायंत्र नाही त्यांना तुम्ही उभे असताना दिशा कळत नाही, चालत राहावं लागतं. ज्यांत आहे त्यांचं होकायंत्र बॅटऱ्या बदलल्यावर पुन्हा जुळवून घ्या. स्क्रीनवर सांगतात तसं यंत्र फिरवायचं, मोटारीपासून आणि लोखंडी फाटकापासून दूर उभं राहून.

बॅटरी, तारीख आणि पहिली सुरुवात

महिनोन्महिने बंद असलेलं यंत्र सुरू केल्याबरोबर मोटारीत ठेवून निघू नका. उघड्यावर एका जागी ठेवा. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक आकाशातून उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. चार्ज होणारे सेल घातले असतील तर बॅटरीचा प्रकार तसा निवडा. ते १.२ व्होल्टचे, साधे १.५चे, त्यामुळे निवड चुकली तर भरलेली बॅटरीही अर्धी दिसते. यंत्र ठेवून देताना सेल काढून ठेवा. आत गळलेला सेल वॉरंटीत बसत नाही, आणि ते साफ करताना आम्हालाही वाईट वाटतं. चार्जर आणि जोड सेल आमच्याकडे भाड्यानेही मिळतात.

फार जुनं यंत्र साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवत असेल तर ते भुताटकी नाही. जीपीएसची आठवड्यांची मोजणी १,०२४ झाले की शून्यावर येते, तशी ती ६ एप्रिल २०१९च्या रात्री आली. काही जुन्या यंत्रांना ते उमगलं नाही. जागा बहुधा बरोबरच दाखवतात. डबे शोधायला ती चालतील, तारखेसाठी घड्याळ बघा.

डबा ठेवणाऱ्यांसाठी

शोधणाऱ्याची चूक त्याचाच दिवस घेते, ठेवणाऱ्याची चूक येणाऱ्या प्रत्येकाचा. जागेवर पोचल्यावर पहिला आकडा उचलून जाहीर करू नका. ‘वेपॉइंट ॲव्हरेजिंग’ (एकाच जागेच्या अनेक मोजण्यांची सरासरी) सुरू करा, यंत्र डब्यावर ठेवून काही मिनिटं बाजूला व्हा, आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. मग टिंबानंतरचे तीन आकडे मोठ्याने वाचून दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर ठेवा आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्या. उल्मर यांची बादली अर्धवट पुरलेली होती, आज मात्र जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणायला मनाई आहे. खाण्याचं काहीही आत नको, जनावरं डब्यासकट नेतात. डबा सापडायला मदत म्हणून नोंदीत इशारा लिहाल तो रॉट-१३ नावाच्या साध्या सांकेतिक लिपीत झाकला जातो, पण ती युक्ती फक्त रोमन अक्षरांची आहे. मराठीत लिहिलेला इशारा सगळ्यांना उघडा दिसेल, तेव्हा जपून लिहा.

शोधणाऱ्यांनी एवढंच: डब्यातल्या वहीत नाव लिहा, एखादी वस्तू घेतलीत तर तितक्याच मोलाची किंवा बरी ठेवा, आणि डबा होता तसा, होता तिथेच. ‘जरा चांगली जागा’ शोधू नका. तुम्ही चार मीटर हलवलात की पुढचा माणूस यंत्र घेऊन आमच्याकडे येतो.

मोबाईल असताना हे कशाला?

हा प्रश्न आम्हाला आडून विचारला जातो, आम्ही सरळ उत्तर देतो. पहिले चार-पाच डबे मोबाईलवरच शोधा. चांगल्या मोबाईलचं जीपीएस मोकळ्यावर कमी नाही. छंद टिकला, पावसात आणि हातमोजे घालून हिंडू लागलात, दुपारीच मोबाईल मान टाकू लागला, एकदा तो खडकावर आपटला, की मग या. बटणांचं, सेल बदलता येणारं, पाण्याला न घाबरणारं यंत्र आधी भाड्याने न्या. विकत घ्यायचं ठरलं तर तेवढं भाडं किमतीतून वजा करतो.

आणि तरीही यंत्र बिघडलंय असं वाटलं तर जरूर आणा, पण चुकलेला बिंदू पुसून आणू नका. पुष्कळजण रागाने किंवा संकोचाने पुसतात, आणि मग तपासायला आमच्या हातात काहीच उरत नाही. बिंदू तसाच राहू द्या, आकडे ज्यावरून घेतले तो कागद किंवा त्याचा फोटो सोबत आणा, आणि सेल आतच असू द्या.