हकालपट्टी झालेल्या प्रशिक्षकाची पुढची नोकरी

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) एखाद्या मुख्य प्रशिक्षकाला नारळ मिळाला की तो आता कुठे जाणार, त्याला पुन्हा तेच पद मिळावे का आणि मिळणारच असेल तर ते आपल्या संघात तरी नको, यावर चाहत्यांमध्ये दरवर्षी वाद जुंपतो. फुटबॉल म्हणजे इथे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी फुटबॉल. लीगमध्ये संघ ३२, त्यामुळे या दर्जाच्या नोकऱ्याही ३२च. साखळी सामने जानेवारीच्या सुरुवातीला संपतात. शेवटच्या रविवारनंतरच्या सोमवाराला ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात, कारण बऱ्याच मालकांना प्रशिक्षकांची उचलबांगडी करायला तोच दिवस सोयीचा वाटतो. २०२२ साली दहा संघांत नवे मुख्य प्रशिक्षक आले, २०२३ साली पाच. काही मालकांना सोमवारपर्यंतही दम निघत नाही.

या बाजाराला चाहते ‘कोचिंग कॅरोसेल’ म्हणतात. जत्रेतल्या चक्रीसारखे घोडे तेच, फक्त त्यांच्या जागा पुढेमागे होतात. जाणार जाणार म्हणून ज्याची चर्चा सुरू असते तो ‘हॉट सीट’वर बसलेला असतो. एकदा काढलेला प्रशिक्षक दुसऱ्या संघाने घेतला की तो ‘रीट्रेड’ ठरतो, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून पुन्हा रस्त्यावर आणलेला. मराठीत आपण शिळ्या कढीला ऊत म्हटले असते. शब्द हिणवणारा आहे. पण हिणवणारे आणि ‘याला घ्याच’ म्हणणारे बहुधा एकाच संघाचे पाठीराखे असतात.

वादाचे मूळ एका म्हणीत सापडते: नाचता येईना, अंगण वाकडे. प्रशिक्षक अपयशी ठरला तो स्वतःच्या कुवतीमुळे, की त्याला मिळालेले अंगण खरोखरच वाकडे होते? अंगण म्हणजे मालक, खेळाडू निवडणारा जनरल मॅनेजर आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे क्वार्टरबॅक, ज्याच्या हातून संघाची जवळपास प्रत्येक चाल सुरू होते. एकाच हंगामाच्या आकड्यांवरून हे दोन भाग वेगळे काढता येत नाहीत. म्हणून सगळे पुढच्या नोकरीकडे निकालासारखे पाहतात. जुन्या संघाच्या चाहत्यांना आपण काढले ते बरोबरच केले, हे सिद्ध झालेले हवे असते. नव्या संघाच्या चाहत्यांना दुसऱ्याने टाकलेले रत्न आपल्याला सापडले, असे वाटायला हवे असते. नवे अंगणही कुठेतरी उतरते असते, हे दोघेही सोयीने विसरतात.

अँडी रीड यांचे उदाहरण या वादात हटकून निघते. फिलाडेल्फिया ईगल्समध्ये त्यांनी १४ हंगाम काढले, संघाला २००५ सालच्या सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले आणि तिथे न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध २४–२१ असा सामना गमावला. त्या सामन्यातली शेवटची काही मिनिटे फिलाडेल्फियाचा चाहता आजही विसरलेला नाही. संघ दहा गुणांनी मागे, घड्याळ धावते आहे, आणि ईगल्स मात्र प्रत्येक चालीआधी निवांत जमताहेत. गुण मिळाले, पण त्यात जवळपास चार मिनिटे गेली. रीड यांना वेळेचा हिशेब जमत नाही, हा शिक्का तेव्हा ठळक झाला. पत्रकार परिषदेत ते आधी जखमी खेळाडूंची यादी वाचत आणि मग प्रश्नांसाठी ‘टाइम्स युअर्स’ म्हणत, म्हणजे वेळ आता तुमचा. टाइमआउट वाया घालवणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य ऐकून फिलाडेल्फियाला किती हसावे आणि किती चिडावे ते कळत नसे.

२०१२ सालच्या ४–१२ (४ विजय, १२ पराभव) अशा हंगामानंतर, ३१ डिसेंबरला रीड यांना काढण्यात आले आणि आठवड्याच्या आत कॅन्सस सिटी चीफ्सने त्यांच्याशी करार केला. चीफ्सने नुकताच २–१४ असा हंगाम पाहिला होता. पुढच्याच हंगामात ते सलग नऊ सामने जिंकले. त्यात १९ सप्टेंबर २०१३ची फिलाडेल्फियातली लढतही होती, २६–१६. पण त्याच हंगामाच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत, इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध ३८–१० अशी आघाडी घेऊन चीफ्स ४५–४४ने हरले, आणि फिलाडेल्फियातून ‘आम्ही सांगत नव्हतो?’ असा सूर निघाला. पुढची काही वर्षे हा वाद असाच लोंबकळत राहिला. मग २०१७ साली चीफ्सने पॅट्रिक महोम्स हा क्वार्टरबॅक निवडला, आणि फेब्रुवारी २०२०, २०२३ आणि २०२४ असे तीन सुपर बोल आले. यातला २०२३चा सामना ईगल्सविरुद्धच होता, ३८–३५.

मग फिलाडेल्फियाचे चुकले का? तसेही म्हणवत नाही. ईगल्सने फेब्रुवारी २०१८ मध्ये आपला पहिला सुपर बोल जिंकला, तोही रीड यांच्याच हाताखाली घडलेल्या डग पेडरसन यांच्यासोबत. काडीमोड दोन्ही घरांना मानवला, असे क्वचित घडते. रीड यांची जागा घेणारे चिप केली यांच्या बाबतीत मात्र उलट झाले. त्यांना ईगल्सने डिसेंबर २०१५ मध्ये काढले, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने लगेच उचलले आणि २–१४च्या हंगामानंतर तिथूनही घरी पाठवले. रीड आणि केली, एकाच संघातून बाहेर पडलेली ही दोन नावे वादात दोन्ही बाजूंना दारूगोळा पुरवतात.

चाहत्यांचा अंदाज सगळ्यांत जोरात आपटला तो बिल बेलिचिक यांच्याबाबत. क्लीव्हलंड ब्राउन्समध्ये पाच हंगामांत ३६ विजय, ४४ पराभव. त्यात १९९३ साली बर्नी कोसार या लाडक्या स्थानिक क्वार्टरबॅकला मध्येच काढून त्यांनी शहराचा रोष ओढवून घेतलेला. १९९५च्या हंगामात संघ बाल्टिमोरला हलणार असल्याची घोषणा झाली, स्टेडियमवर सुतकी कळा आली, आणि १९९६च्या फेब्रुवारीत बेलिचिक यांना निरोप मिळाला. अंगण वाकडे म्हणायचे तर याहून वाकडे कुठले? पुढे ते बिल पार्सेल्स या नावाजलेल्या मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली राहिले. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्क जेट्सचे मुख्य प्रशिक्षकपद वारशाने मिळाले असताना एका दिवसात, चिटोऱ्यावर एक ओळ लिहून त्यांनी ते सोडले. त्यांना मिळवण्यासाठी पेट्रियट्सने ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, आपली पहिल्या फेरीची निवड जेट्सला दिली. पहिला हंगाम ५–११ गेला. त्या क्षणी कौल घेतला असता तर ‘रीट्रेड’ हाच शब्द जिंकला असता. नंतर सहा सुपर बोल आले.

काढलेला प्रशिक्षक आणि त्याच्या जागी आलेला, दोघेही जिंकले तर वाद कसा चिघळतो हे टॅम्पा बे बकनिअर्सने दाखवले. टोनी डंजी यांनी तो गलितगात्र संघ उभा केला, पण प्लेऑफमध्ये ईगल्सकडून सलग दोन वर्षे हार खाल्ल्यावर जानेवारी २००२ मध्ये त्यांना काढले. जॉन ग्रूडेन यांच्यासाठी टॅम्पाने त्यांच्या तेव्हाच्या संघाला, ओकलंड रेडर्सला, पहिल्या फेरीच्या दोन, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि वर ८० लाख डॉलर मोजले. वर्षभरात ग्रूडेन यांनी सुपर बोल जिंकला, तोही त्याच रेडर्सना ४८–२१ असे लोळवून. संघ कोणाचा, डंजींनी घडवलेला की ग्रूडेन यांनी धार लावलेला? चार वर्षांनी, २००७च्या फेब्रुवारीत, डंजींनी इंडियानापोलिस कोल्ट्सबरोबर सुपर बोल जिंकल्यावर या भांडणाला नवी ठिणगी मिळाली.

उलट बाजूची यादी लांबलचक आहे आणि वाचायला कंटाळवाणी. अ‍ॅडम गेस यांना मायामी डॉल्फिन्सने २०१८च्या अखेरीस काढले आणि त्याच विभागातल्या जेट्सने लगेच नेमले. तिथे दोन हंगामांत ९ विजय, २३ पराभव. फ्रँक राइक यांना कोल्ट्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढले आणि कॅरोलायना पँथर्सने घेतले. तिथे अकराच सामने टिकले. ‘जिथे जाईल तिथे जिंकून दाखवेल’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ऐकवावी लागते: दोन वेगवेगळ्या संघांसोबत सुपर बोल जिंकलेला मुख्य प्रशिक्षक अजून झालेला नाही. पार्सेल्स, माइक होमग्रेन आणि खुद्द रीड यांनी दोन संघांना अंतिम सामन्यापर्यंत नेले, पण करंडक एकाच संघाकडे आला.

माझ्या मते या वादातला मोठा घोळ प्रश्नातच आहे. चाहते भांडतात ते मुख्य प्रशिक्षकपदावरून, तर बाजार बहुतेकांपुढे एक पायरी खालची नोकरी ठेवतो: आक्रमण किंवा बचाव यांपैकी एकाचीच जबाबदारी सांभाळणारा कोऑर्डिनेटर. ५३ खेळाडू, डझनभर सहायक, मालक आणि पत्रकार यांना सांभाळणे ही एक कला, आणि रविवारच्या सामन्यासाठी बचावाचा डाव रचणे ही दुसरी. पहिलीत नापास झालेला दुसरीत अव्वल असू शकतो. फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये ईगल्सने चीफ्सला ४०–२२ असे हरवले. ईगल्सचा बचाव विक फँजिओ यांचा होता. तेच फँजिओ, ज्यांना डेन्व्हर ब्रॉन्कोसने तीन हंगामांत १९–३० अशी कामगिरी झाल्यावर काढले होते. समोर चीफ्सचा बचाव सांभाळत होते स्टीव्ह स्पॅग्नुओलो, आणि सेंट लुइस रॅम्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा हिशेब होता १० विजय, ३८ पराभव. म्हणजे लीगच्या सर्वोच्च सामन्यात दोन्ही बाजूंचे बचाव चालवणारे दोघेही कधीकाळी ‘याला पुन्हा नोकरी देतेच कोण’ या सदरात मोडणारे.

डॅन क्विन यांनी ही पायरी परतीच्या वाटेसाठी वापरली. अटलांटा फाल्कन्सने २०२० साली पहिले पाचही सामने गमावल्यावर त्यांना काढले. तीन हंगाम त्यांनी डॅलस काउबॉइजचा बचाव सांभाळला आणि २०२४ साली वॉशिंग्टन कमांडर्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्याच हंगामात १२–५ अशी मजल मारली. माइक व्रेबेल तेवढेही थांबले नाहीत: टेनेसी टायटन्सने जानेवारी २०२४ मध्ये काढल्यावर एक वर्ष ब्राउन्समध्ये सल्लागार, आणि पुढच्या जानेवारीत पेट्रियट्सचे मुख्य प्रशिक्षक.

दुसरी संधी कोणाला मिळते, या प्रश्नाला वर्णाचीही बाजू आहे आणि ती टाळून या वादाचे वर्णन पुरे होत नाही. २००२ सालच्या जानेवारीत डंजी आणि मिनेसोटा व्हायकिंग्जचे डेनिस ग्रीन या दोन कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना काढले गेले. ग्रीन यांचा तो दहा वर्षांतला पहिलाच तोट्याचा हंगाम होता. त्यानंतरच्या दबावातून २००३ साली ‘रूनी रूल’ आला: मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वी अल्पसंख्याक समाजातल्या किमान एका उमेदवाराची मुलाखत घेणे बंधनकारक. हे नाव पिट्सबर्ग स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांचे. पण मुलाखत देणे वेगळे आणि नोकरी देणे वेगळे. २०२० आणि २०२१ असे दोन विजयी हंगाम देऊनही डॉल्फिन्सने काढलेल्या ब्रायन फ्लोरेस यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये लीगवर आणि काही संघांवर वर्णभेदाचा दावा लावला. दाव्यात बेलिचिक यांचे संदेश जोडलेले होते. न्यूयॉर्क जायंट्समधली फ्लोरेस यांची मुलाखत अजून व्हायची असताना, बेलिचिक यांनी ते पद पुढे ज्यांना मिळाले त्या ब्रायन डेबॉल यांच्यासाठीचे अभिनंदन चुकून दुसऱ्या ब्रायनला, म्हणजे फ्लोरेस यांना पाठवले होते. त्याच महिन्यात फ्लोरेस यांना काम मिळाले ते स्टीलर्समध्ये, सहायक म्हणून.

पैशाची बाजू चाहत्यांच्या बोलण्यात फारशी येत नाही, पण तिने बरेच काही ठरते. काढलेल्या प्रशिक्षकाला कराराची उरलेली रक्कम सहसा मिळत राहते. अनेक करारांत नव्या नोकरीचा पगार त्यातून वळता करण्याचे कलम असते. त्यामुळे घाईने कमी पगाराची नोकरी धरणाऱ्याचा खिसा काही फारसा फुगत नाही, उलट जुन्या मालकाचे ओझे हलके होते. एखादा नावाजलेला प्रशिक्षक वर्षभर टीव्हीच्या स्टुडिओत का बसतो, याचे उत्तर कधीकधी इतके साधे असते.

चाहत्यांच्या वादाने नोकरी खरोखर अडवल्याचे ठळक उदाहरण विद्यापीठाच्या फुटबॉलमध्ये सापडते. ग्रेग शियानो यांना टॅम्पाने २०१३च्या अखेरीस काढले होते: ११ विजय, २१ पराभव. शिवाय सामना संपवण्यासाठी प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक नुसता गुडघा टेकवत असताना त्याच्यावर खेळाडू सोडल्याची कुप्रसिद्धी. २६ नोव्हेंबर २०१७ या रविवारी टेनेसी विद्यापीठ त्यांना नेमणार अशी बातमी आली. दुपारपासून विद्यार्थी आणि चाहते जमू लागले, आवारातल्या ‘रॉक’ नावाच्या प्रसिद्ध खडकावर निषेध रंगवला गेला, स्थानिक राजकारणीही उतरले. पेन स्टेट विद्यापीठातल्या जुन्या अत्याचार प्रकरणात कोणी काय जाणून होते, याविषयीच्या एका ऐकीव साक्षीत त्यांचे नाव आले होते. शियानो यांनी तो आरोप नाकारला होता. संध्याकाळपर्यंत विद्यापीठाने माघार घेतली आणि आठवड्याच्या आत क्रीडा संचालकाचीही खुर्ची गेली. नैतिक संताप किती आणि शियानो पुरेसे मोठे नाव नसल्याची निराशा किती, हे त्या गर्दीत वेगळे करता येणे कठीण होते. कारण टेनेसीच्या चाहत्यांना अनेक वर्षे हवे होते ते ग्रूडेन, म्हणजे टॅम्पानेच काढलेले आणखी एक प्रशिक्षक. ते काही आले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये, टीव्हीवर नऊ वर्षे काढून, ते दहा वर्षांच्या करारावर रेडर्सकडे परतले.

अलीकडचा सर्वांत गाजलेला वाद पुन्हा बेलिचिक यांचाच. २४ हंगामांनंतर जानेवारी २०२४ मध्ये पेट्रियट्स आणि ते वेगळे झाले. परस्परसंमतीने, असे सांगितले गेले. चाहत्यांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी २०२० साली निघून गेल्यानंतरच्या चार हंगामांत बेलिचिक यांचा हिशेब २९–३८ होता, आणि ‘सहा सुपर बोल नक्की कोणाचे’ हा जुना प्रश्न त्याच आकड्यावर पोसला गेला. दुसरीकडे प्लेऑफ धरून ३३३ विजय त्यांच्या नावावर होते. सर्वाधिक विजयांचा विक्रम डॉन शुला या प्रशिक्षकांचा, ३४७चा. तो मोडायला १५ विजय पुरेसे होते आणि आठ संघ प्रशिक्षक शोधत होते. फाल्कन्सने त्यांना दोनदा मुलाखतीला बोलावले आणि निवडले रहीम मॉरिस यांना, ज्यांना टॅम्पाने २०१२च्या जानेवारीत काढले होते. बेलिचिक यांनी तो हंगाम टीव्हीवर काढला. डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षकपद घेतले. विद्यापीठ संघाचे विजय त्या ३३३ मध्ये मिळवले जात नाहीत.