पंधरा वर्षांच्या गाडीचं पासिंग हेडलाइटवर अडकतं तेव्हा

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, आणि ठाण्याच्या एमएच ०४ किंवा नवी मुंबईच्या एमएच ४३ पाटीच्या २०१०-११ मधल्या गाड्या आता या टप्प्यावर आल्या आहेत. इंजिन उत्तम, ब्रेक उत्तम, कागद पूर्ण, तरी गाडी परत. कारण विचारावं तर बाहेरून बसवलेले एलईडी बल्ब. हे इतक्या वेळा पाहिलंय की सगळं एकदा नीट लिहून काढतो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की एलईडी किंवा एचआयडी (झेनॉनचे प्रखर दिवे) बसवायला परवानगी कशी काढायची? ती निघत नाही. सीएनजी किटची जशी आरसीवर नोंद होते, तसा हेडलाइटच्या बल्बसाठी अर्जच नाही. दुकानदार डब्यासोबत 'आरटीओ ॲप्रूव्ड' छापलेलं कार्ड देतो, त्याला तपासणीत काडीची किंमत नाही. त्या कार्डासाठी कृपा करून जास्तीचे पैसे मोजू नका.

मग लोक वाद घालतात, 'आरसीवर बल्बचा उल्लेखच नाही, तर बदल कसला?' उल्लेख नाही हे खरं. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ(४) नियमबाह्य बदलांबद्दल बोलतं, आणि त्यात बाहेरून बसवलेले सुटे भागही येतात. शिक्षा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ सांगतो की समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतका झोत खाली झुकलेला हवा. त्यासाठी अंतरही दिलंय: दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेला डोळा.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची गाडी दोनदा परत आली. दोन्ही वेळा कागदावर एकच शब्द, 'हेडलाइट'. काय चुकलंय, काय दुरुस्त करून आणायचं, अक्षरभर माहिती नाही. सकाळपासून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला अजून एक ओळ लिहून द्यायला काय हरकत आहे? शेवटी एका रात्री आम्ही गाडी बेसमेंटच्या भिंतीसमोर लावली आणि डिपर, म्हणजे हेडलाइटचा खालचा झोत, टाकला. एलईडीचा उजेड धुक्यासारखा पार छतापर्यंत गेला. काकूंनी जुने हॅलोजन डब्यात जपून ठेवले होते. ते बसवले, आणि भिंतीवर लख्ख रेघ उमटली: खाली उजेड, वर अंधार, डाव्या बाजूला रेघ थोडी वर चढलेली. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून तेवढा कोपरा रस्त्याची कड दिसावी यासाठी मुद्दाम वर असतो.

एच४ प्रकारचा हॅलोजन बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून झोत खालीच राहतो. रिफ्लेक्टरची वळणं त्या तारेची जागा धरून आखलेली असतात. एलईडीची चिप तिथून जराशी सरकली तरी सगळं गणित विस्कटतं. चालवणाऱ्याला वाटतं उजेड वाढला. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला मात्र रस्ताच दिसेनासा होतो. म्हणून पासिंगपुरते हॅलोजन लावून संध्याकाळी परत एलईडी चढवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका.

उजेड कायद्यात राहूनही वाढतो. बल्ब त्याच प्रकारचा आणि तितक्याच वॅटचा घ्या: एच४ असेल तर ६०/५५ वॅट, एच७ असेल तर ५५. चांगल्या कंपन्यांचे जास्त उजेडाचे हॅलोजन याच वॅटमध्ये मिळतात. त्यांचं आयुष्य थोडं कमी असतं, इतकंच. बुडाशी वॅट आणि गोलातली 'ई' खूण कोरलेली आहे ना, ते पाहा. निळसर काचेचे टाळा, तो रंग उजेड खातो. १००/९० वॅटचे तर नकोच. ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८ च्या वर, आणि मूळ वायरिंग तेवढ्यासाठी नसतं. वितळलेले होल्डर मी स्वतः पाहिलेत. दोन्ही बल्ब एकदमच बदला, आणि काचेला बोट लावू नका.

बऱ्याचदा खरा दोष बल्बचा नसतोच, हेडलाइटची काच पिवळी पडलेली असते. ती पॉलिश करून घ्या. मग भिंतीपासून दहा मीटरवर सपाट जागी, टायरमध्ये नीट हवा भरून, आत माणूस बसवून डिपर लावा. रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली हवी. डॅशबोर्डवर झोताच्या उंचीचं बटण असेल तर ते शून्यावर ठेवून तपासा.

आता कागद. फॉर्म २५, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पर्यावरण कर भरल्याची पावती. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाट्या लावलेल्या हव्यात. थकलेली ई-चलनं आधी भरून टाका. अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा, शुल्क तिथेच दिसतं.

तारखेत मात्र फार जण फसतात. गाडी घेतल्याची तारीख किंवा विम्याची तारीख धरू नका. एकरकमी भरलेल्या कराचा तर नोंदणीच्या मुदतीशी संबंधच नाही. आरसीवर नोंदणी वैधतेची जी तारीख आहे तीच खरी, आणि अर्ज तिच्या आधी ६० दिवसांच्या आतच करता येतो. ती उलटली की कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा. हेडलाइटमुळे गाडी एकदा परत आली तर दुरुस्ती आणि पुन्हा तारीख मिळेपर्यंत आठवडे जातात, म्हणून ६० दिवसांतले पहिले पंधरा गाठा.

तपासणीला जाताना डिकीत बल्बची एक जोडी ठेवा. गाडी पास झाल्यावर नव्या आरसीवर मुदत पाच वर्षांनी वाढलेली आहे का, ते खिडकीसमोरून हलण्याआधी किंवा एमपरिवहन ॲपवर वाचून घ्या. चूक असेल तर तेव्हाच सांगा.