चार बटणांचा प्रभाग: मराठवाड्यातल्या महापालिका निवडणुकांची पार्श्वभूमी

१५ जानेवारी २०२६ रोजी छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना या पाचही महापालिकांसाठी एकाच दिवशी मतदान झालं. संभाजीनगरात त्याआधीची निवडणूक एप्रिल २०१५ ची. मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. या शहराला प्रशासक नवा नाही म्हणा. महापालिका झाली डिसेंबर १९८२ मध्ये आणि पहिली निवडणूक व्हायला १९८८ साल उजाडलं.

लांबलेल्या निवडणुकांची दोन कारणं, कोरोना आणि ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन तिढा, आता सगळ्यांना पाठ आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान टोचले, सप्टेंबरात ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख बांधून दिली, तेव्हा यंत्रणा हलली. तिसरं कारण म्हणजे प्रभागरचना, म्हणजे एका प्रभागातून किती नगरसेवक निवडायचे हा प्रश्न. त्याची चर्चा इच्छुकांच्या बैठकांपलीकडे फारशी गेली नाही, आणि मतदाराच्या रोजच्या जगण्याशी सर्वांत जास्त संबंध त्याचाच आहे.

२०१५ मध्ये संभाजीनगरात ११३ वॉर्ड होते आणि वॉर्डामागे एक नगरसेवक. ड्रेनेज तुंबलं की कुणाचं दार वाजवायचं हे पोरासोरांनाही माहीत. लातूर-परभणीने त्याआधीच, २०१२ मध्ये, दोन सदस्यांचा प्रभाग पाहिला होता. २०१६ मध्ये राज्याने चार सदस्यांच्या प्रभागाचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये लातूर, परभणी, नांदेडची निवडणूक त्याच पद्धतीने झाली. २०१९ च्या अखेरीस सरकार बदललं, पुन्हा एक वॉर्ड एक नगरसेवक ठरलं. त्यानुसार संभाजीनगरचा आराखडा आला आणि हरकती घेऊन लोक न्यायालयात गेले. २०२१ मध्ये त्याच सरकारने तीनचा प्रभाग आणला. २०२२ मध्ये सत्ता पालटली, तीनचा प्रभागही गेला. शेवटी पुन्हा चार. कोणत्याही बाजूने मतदाराला विचारलं नाही, हे तेवढं समान.

चारच्या बाजूने सांगितलं जाणारं कारण अगदीच पोकळ नाही. एकाच प्रभागात महिला, ओबीसी, अनुसूचित जाती आणि खुली अशा जागा बसवता येतात. वॉर्ड आरक्षित झाला म्हणून पाच वर्षं राबलेल्या माणसाला सोडतीनंतर शेजारच्या वॉर्डात बिऱ्हाड हलवावं लागत नाही. पण प्रभागाची लोकसंख्या चौपट होते, प्रचाराचा खर्चही त्याच मापाने वाढतो. गल्लीतल्या ओळखीवर निवडून येणारा अपक्ष इथेच मागे पडतो, कारण चौघांचं पॅनल बांधायला पक्ष लागतो, पैसा लागतो. मतदाराला अ, ब, क, ड अशा जागांसाठी चार मतं द्यायची असतात. चौघे निवडून आले की पाण्याच्या तक्रारीवर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एक जागा रिकामी झाली तर पोटनिवडणुकीला सगळा प्रभाग पुन्हा रांगेत.

मात्र चारच्या प्रभागाचा फायदा ठरावीक पक्षालाच होतो, हे सरसकट म्हणणं मराठवाड्यात टिकत नाही. २०१७ मध्ये लातूरला राज्यात सत्तेत असलेला, पण तिथे आधी एकही नगरसेवक नसलेला पक्ष ७० पैकी ३६ जागा घेऊन बसला. त्याआधीच्या वर्षी दुष्काळात शहराने मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं होतं. २०१७ च्याच ऑक्टोबरात नांदेडला उलट घडलं, ८१ पैकी ७३ जागा राज्यात विरोधी बाकांवर असलेल्या पक्षाच्या पदरात पडल्या. दोन्हीकडे हवा एका बाजूला वाहिली की अख्खं पॅनल तिच्याबरोबर गेलं. पद्धत कुणाची बाजू घेत नाही, पण जो पुढे आहे त्याला आणखी पुढे ढकलते.

संभाजीनगरात ११५ जागांसाठी २९ प्रभाग झाले, त्यातला एक तिघांचा, बाकी चौघांचे. जालन्याची महापालिका २०२३ ची. तिथे नगरपरिषदेची सवय असलेल्या मतदाराने महापालिकेसाठी पहिल्यांदाच मत दिलं, तेही ६५ जागांच्या १६ प्रभागांत.